हीट, एनर्जी आणि एन्ट्रॉपी: थर्मो शिकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला थर्मो (थर्मोडायनॅमिक्स) आला की तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून सगळे एका जागी उत्तरं देऊन ठेवतोय. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी औष्णिक वीज केंद्रच धरलंय, म्हणजे आपल्या चंद्रपूरला किंवा कोराडीला जे चालतं ते, बॉयलर (पाण्याची वाफ करतो), टर्बाइन (वाफेने फिरून काम देतं), कंडेन्सर (वाफेचं परत पाणी करतो) आणि फीड पंप (ते पाणी बॉयलरला पाठवतो). हे चार भाग नीट कळले की अर्धा विषय झालाच असं माझं प्रामाणिक मत आहे. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण खाली ती सतत येणार आहे: हीट किती हे विचारलं की लगेच ती कुठल्या तापमानाला हे पण विचारायची सवय लावा. हजार किलोज्यूल हा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

हीट आणि टेंपरेचर यात नक्की फरक काय?

सुई गॅसवर लालबुंद केली आणि बादलीभर पाण्यात टाकली तर पाणी कोमटसुद्धा होत नाही. सुईचं तापमान भरपूर होतं पण तिच्याकडून मिळालेली ऊर्जा अगदी थोडी. तापमान फक्त हे ठरवतं की उष्णता कुठल्या बाजूला वाहणार.

याहून स्पष्ट उदाहरण पाणी उकळण्याचं. १ किलो पाणी ३० डिग्रीवरून १०० डिग्रीला न्यायला साधारण २९३ किलोज्यूल लागतात, आणि तेच पाणी १०० डिग्रीलाच पूर्ण वाफ करायला २२५७ किलोज्यूल, म्हणजे साडेसात पटींहून जास्त, आणि या सगळ्या वेळात थर्मामीटरचा काटा हलत नाही! हीट जातेय, तापमान तिथेच. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट असतो तो याच्यामुळेच, वाफ कातडीवर पाणी होताना ते सगळे किलोज्यूल तिथेच सोडते.

"गरम पाण्यात खूप हीट असते" असं लिहिलं तर सर मार्क का कापतात?

कारण हीट कशात असत नाही, ती फक्त जाते. आपण ज्याचा हिशोब करतोय ती सिस्टिम, तिच्याभोवती मनात काढलेली हद्द ती बाउंडरी; तापमानाच्या फरकामुळे ही बाउंडरी ओलांडून जी ऊर्जा जाते तिला हीट म्हणायचं. आत गेली की ती हीट राहत नाही, ती सिस्टिमची इंटर्नल एनर्जी होते.

हा शब्दांचा खेळ वाटतो पण यामागे मोठा इतिहास आहे. अठराव्या शतकात लोकांना वाटायचं की उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, कॅलरिक, आणि तो वस्तूत भरलेला असतो. १७९८ साली काउंट रमफर्डने म्युनिकमध्ये तोफा कोरताना काय होतं ते मांडलं, घोडे ड्रिल फिरवत राहिले तोवर उष्णता निघतच राहिली, संपायचं नावच नाही. द्रव भरलेला असता तर कधीतरी संपला असता ना. मग १८४० च्या दशकात मँचेस्टरच्या जेम्स ज्यूलने वजनं खाली सोडून पाण्यात पाती फिरवली आणि किती काम केल्यावर पाणी किती तापतं ते मोजलं. आजच्या हिशोबात १ कॅलरी म्हणजे ४.१८ ज्यूल.

यातून काय निघालं बघा. पाणी एका डिग्रीने तापलेलं तुमच्या हातात दिलं तर ते शेगडीवर तापवलंय की पाती फिरवून हे तुम्ही कुठल्याही उपकरणाने सांगू शकत नाही. पाण्यात हीट पण नाही आणि वर्क पण नाही, आत आहे ती फक्त इंटर्नल एनर्जी, ती कुठल्या वाटेने आली याची नोंद पाण्यात राहत नाही.

मग हीट आणि वर्क दोन्ही ज्यूलमध्येच, दोघांत फरक कसला?

बाउंडरी कुठे काढली यावर अवलंबून आहे. बादलीत इमर्शन हीटर टाकलाय. फक्त पाणी हीच सिस्टिम धरली तर गरम कॉइलकडून पाण्याकडे तापमानाच्या फरकाने ऊर्जा येतेय, म्हणून ती हीट. आता कॉइलसकट पाणी सिस्टिम धरा, तर बाउंडरी ओलांडून येतंय ते वायरमधलं करंट, आणि ते वर्क आहे, इलेक्ट्रिकल वर्क. बादली तीच, हीटर तोच, मीटरचं रीडिंग तेच. व्हायव्हाला हा प्रश्न हमखास विचारतात आणि मुलं गडबडतात कारण त्यांनी बाउंडरी मनात काढलेलीच नसते. गणित सोडवताना पेन्सिलने तुटक रेघेची बाउंडरी खरोखर काढा, अर्ध्या चुका तिथेच थांबतात.

पण खरा फरक पुढे थर्मोच्या दुसऱ्या नियमात कळतो: वर्क जाताना एन्ट्रॉपी (ढोबळ मानाने हीट भागिले तापमान, खाली नीट येईल) घेऊन जात नाही, हीट घेऊन जाते.

साइन कन्व्हेन्शनचा घोळ का होतो?

कारण तुम्ही बारावीला केमिस्ट्रीत एक शिकलात आणि इथे दुसरं. मेकॅनिकलच्या बहुतेक पुस्तकांत सिस्टिमला दिलेली हीट प्लस आणि सिस्टिमने केलेलं काम प्लस, म्हणून क्यू = डेल्टा यू + डब्ल्यू (क्यू म्हणजे हीट, डेल्टा यू म्हणजे इंटर्नल एनर्जीतला बदल, डब्ल्यू म्हणजे वर्क). इंजिन बनवणाऱ्यांना इंजिनने दिलेलं काम प्लस दिसलेलं आवडतं, सरळ आहे. केमिस्ट्रीत सिस्टिमवर केलेलं काम प्लस, म्हणून डेल्टा यू = क्यू + डब्ल्यू. दोन्ही बरोबर. पेपरच्या पहिल्या ओळीत कुठलं वापरताय ते लिहा आणि मधेच बदलू नका.

पाथ फंक्शन आणि पॉइंट फंक्शन?

प्रेशर, तापमान, इंटर्नल एनर्जी, एन्थाल्पी, एन्ट्रॉपी हे पॉइंट फंक्शन, स्टेट ठरली की आकडा ठरला, कसे आलात याला महत्त्व नाही. हीट आणि वर्क पाथ फंक्शन, कुठल्या रस्त्याने आलात त्यावर आकडा बदलतो. एवढंच.

इंटर्नल एनर्जी असताना एन्थाल्पी कशाला काढली?

कारण कारखान्यात बंद सिलिंडर कमी आणि वाहणारे पाइप जास्त. टर्बाइनमध्ये वाफ शिरते तेव्हा ती स्वतःची इंटर्नल एनर्जी तर आणतेच, शिवाय मागची वाफ तिला आत ढकलत असते, त्या ढकलण्याचं काम म्हणजे प्रेशर गुणिले व्हॉल्यूम. दोन्ही दरवेळी वेगळं लिहिण्यापेक्षा एकत्र केलं, एच = यू + पीव्ही, झाली एन्थाल्पी. म्हणूनच टर्बाइनचं काम म्हणजे नुसतं आत येणारी एच वजा बाहेर जाणारी एच.

पहिला नियम सगळा हिशोब जुळवतो, मग दुसरा नियम कशाला पाहिजे?

पहिला नियम, म्हणजे ऊर्जा नव्याने तयार होत नाही आणि नष्टही होत नाही, फक्त बेरीज वजाबाकी बघतो. गार चहाने खोलीतून उष्णता खेचली आणि परत वाफाळता झाला तरी पहिला नियम म्हणेल ठीक आहे, जेवढी खोलीची गेली तेवढी चहाला आली. तसं कधी होत नाही हे आपल्याला माहीत आहे पण ते पहिल्या नियमात कुठेच लिहिलेलं नाही. कुठली गोष्ट कुठल्या दिशेला आपोआप होईल आणि हीटमधून जास्तीत जास्त किती काम निघेल, हे दोन प्रश्न दुसरा नियम सोडवतो.

वीज केंद्रात कंडेन्सरमध्ये एवढी उष्णता फुकट का घालवतात? वाफ तशीच परत बॉयलरला का देत नाहीत?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि याला पूर्ण आकड्यांनीच उत्तर द्यायला पाहिजे.

सोपी आयडियल (घर्षण वगैरे काही नसलेली) सायकल धरू, रीहीट नाही, काही नाही. बॉयलरमधून वाफ निघते १५० बार आणि ५५० डिग्रीला, तिची एन्थाल्पी साधारण ३४५० किलोज्यूल प्रति किलो. टर्बाइनमधून ती ०.१ बारपर्यंत उतरते, तिथे तापमान जेमतेम ४६ डिग्री आणि एन्थाल्पी साधारण २०६५. म्हणजे टर्बाइनने दिलं १३८५. आता कंडेन्सरमध्ये तिचं पाणी होतं, एन्थाल्पी १९२, म्हणजे १८७३ किलोज्यूल कूलिंग वॉटरमध्ये गेले. मग पंप ते पाणी परत १५० बारला नेतो आणि त्याला लागतात फक्त १५ किलोज्यूल, कारण पाण्याचं व्हॉल्यूम अगदी कमी असतं. निव्वळ काम १३७०, बॉयलरने दिलेली हीट ३२४३, एफिशियन्सी ४२ टक्के.

आता समजा कंडेन्सर काढून टाकला आणि ०.१ बारची वाफ तशीच दाबून परत १५० बारला न्यायची ठरवली. वाफेचं व्हॉल्यूम पाण्याच्या हजारो पट, त्यामुळे कॉम्प्रेसरला टर्बाइनने दिलेलं सगळं काम परत खायला लागेल, आणि आयडियल नसेल तर त्याहून जास्त. नेट आउटपुट शून्य किंवा मायनस. कंडेन्सरमध्ये उष्णता टाकतो म्हणूनच पंप १५ किलोज्यूलमध्ये भागतो. ती उष्णता म्हणजे निष्काळजीपणा नाही, सायकल चालू ठेवायची ती किंमत आहे.

एन्ट्रॉपीच्या भाषेत अजून स्वच्छ दिसतं. बॉयलरमध्ये हीट घेताना प्रत्येक किलो पाण्याने साधारण ५.८७ किलोज्यूल प्रति केल्विन एन्ट्रॉपी पण घेतली. सायकल पूर्ण करून मूळ स्टेटला यायचं तर ती एन्ट्रॉपी कुठेतरी टाकायला हवी, टर्बाइनच्या शाफ्टवरून ती जात नाही कारण वर्कबरोबर एन्ट्रॉपी जात नाही, उरला एकच मार्ग, हीट म्हणून बाहेर टाकणं. आणि ३१९ केल्विनला (४६ डिग्री अधिक २७३) ५.८७ एन्ट्रॉपी टाकायची तर लागणारी हीट ३१९ × ५.८७, म्हणजे तेच १८७३ च्या आसपास! कंडेन्सरचा आकडा कोणी डिझायनरने ठरवलेला नाही, तो दुसऱ्या नियमाने ठरवलाय.

चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. तिथले ते उंच कूलिंग टॉवर लांबून दिसतात आणि वरून पांढरं काहीतरी निघत असतं, लोक त्याला धूर समजतात, ती पाण्याची वाफ आहे. एक ५०० मेगावॅटचा युनिट धरा, कंडेन्सरमधून साधारण ६०० मेगावॅट उष्णता बाहेर पडते. ही सगळी पाणी उडवूनच घालवली आणि एक किलो पाणी उडायला २४०० किलोज्यूल धरले तर सेकंदाला २५० किलो पाणी हवेत जातं, थोडी हीट नुसती हवा तापवण्यात जाते म्हणून खरा आकडा जरा कमी. इरई धरणाचं पाणी त्या केंद्राला का लागतं ते आता लक्षात येईल. ट्रॉम्बेला समुद्र शेजारी आहे म्हणून तिथे खारं पाणीच कामाला येतं.

कार्नोच्या सूत्राने (दोन तापमानांमध्ये जास्तीत जास्त शक्य एफिशियन्सी) ६१ टक्के येतात, मग आयडियल सायकलचे पण ४२ च का?

५५० डिग्री म्हणजे ८२३ केल्विन, ४६ डिग्री म्हणजे ३१९ केल्विन, १ वजा ३१९ भागिले ८२३ केलं की ०.६१ येतात, बरोबर. पण हे तेव्हाच जेव्हा सगळीच्या सगळी हीट ५५० डिग्रीलाच दिली जाते. बॉयलरमध्ये तसं होत नाही, पाणी आत शिरतं तेव्हा ४६ डिग्रीचं असतं, ते तापत तापत उकळतं, मग वाफ सुपरहीट होते (उकळबिंदूच्याही वर तापते), म्हणजे बरीच हीट कमी तापमानालाच दिली गेली. सरासरी तापमान काढायचं तर ३२४३ भागिले ५.८७, येतात ५५२ केल्विन, म्हणजे फक्त २७९ डिग्री. आता १ वजा ३१९ भागिले ५५२ करा, ४२ टक्के. जुळलं.

मला हा थर्मोमधला सगळ्यात सुंदर हिशोब वाटतो, कारण यानंतर रीहीट, रिजनरेशन, सुपरक्रिटिकल हे वेगवेगळे धडे राहतच नाहीत. सगळे एकाच कामासाठी, हीट घेण्याचं सरासरी तापमान वर न्या. फीड वॉटर हीटर टर्बाइनमधून थोडी वाफ काढून पाणी आधीच तापवतो म्हणजे बॉयलरला गार पाणी मिळत नाही. रीहीटमध्ये अर्धवट उतरलेली वाफ परत तापवतात, आणि त्याचा दुसरा फायदा म्हणजे वाफ शेवटी कोरडी राहते, वरच्या उदाहरणात ड्रायनेस फ्रॅक्शन ०.७८ येतो म्हणजे २२ टक्के पाण्याचे थेंब, ते शेवटच्या ब्लेडवर आदळून ब्लेड झिजतात. कोराडीचे ६६० मेगावॅटचे युनिट सुपरक्रिटिकल आहेत, म्हणजे प्रेशर पाण्याच्या क्रिटिकल प्रेशरच्या, २२१ बारच्या वर, तिथे उकळणं असा वेगळा टप्पाच उरत नाही.

एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, हे बरोबर आहे का?

पसारा पडलेल्या खोलीचं उदाहरण देतात ते इंजिनिअरिंगसाठी सोडून द्या असा माझा आग्रह आहे, त्याने एकही गणित सुटत नाही. बोल्टझमनने एन्ट्रॉपी रेणूंच्या किती वेगवेगळ्या रचना शक्य आहेत याच्याशी जोडली, ते सूत्र व्हिएन्नात त्याच्या समाधीवर कोरलेलं आहे आणि ते अतिशय खोल आहे, पण त्यातल्या "रचनांची संख्या" याला "पसारा" म्हटलं की सगळं धूसर होतं.

क्लॉसियसने १८६५ मध्ये एन्ट्रॉपी हे नाव दिलं तेव्हा रेणूंबद्दल काही गृहीत धरलेलं नव्हतं. त्याची व्याख्या साधी, रिव्हर्सिबल पद्धतीने (म्हणजे घर्षण नाही, जशीच्या तशी उलट फिरवता येईल अशी) दिलेली हीट भागिले ती ज्या तापमानाला दिली ते केल्विनमधलं तापमान. आकड्यांनी करून बघू.

१ किलो पाणी ९० डिग्रीचं आणि १ किलो ३० डिग्रीचं एकत्र केलं, झालं ६० डिग्री. गरम पाण्याने १२५ किलोज्यूल दिले, गार पाण्याने तेवढेच घेतले, पहिला नियम खूश. पण गरम पाण्याने ते जास्त तापमानाला दिले म्हणून त्याची एन्ट्रॉपी कमी झाली ३६० ज्यूल प्रति केल्विन, आणि गार पाण्याने कमी तापमानाला घेतले म्हणून त्याची वाढली ३९४. तोच वरचा आकडा, खालचं तापमान वेगळं, म्हणून भागाकार वेगळा. फरक ३४ ज्यूल प्रति केल्विन, हे नव्याने तयार झाले आणि आता ते कधीच नाहीसे करता येणार नाहीत. एन्ट्रॉपी वाढते का, तर यामुळे, हीट नेहमी वरून खाली जाते आणि खालच्या तापमानाने भागलं की उत्तर मोठं येतं.

एन्ट्रॉपी कमी होऊच शकत नाही ना?

होते की. कंडेन्सरमध्ये वाफेची एन्ट्रॉपी कमी होते, फ्रीजरमध्ये बर्फ होताना पाण्याची कमी होते. कमी होत नाही ती सिस्टिम आणि सराउंडिंग मिळून एकूण. पेपरात "एन्ट्रॉपी ऑफ सिस्टिम ऑलवेज इन्क्रीजेस" असं खरं का खोटं मध्ये आलं की उत्तर खोटं.

एन्ट्रॉपी तयार झाली तर नुकसान काय, ऊर्जा तर तेवढीच आहे?

नुकसान कामाचं. १००० केल्विनच्या भट्टीतून १००० किलोज्यूल सरळ ३०० केल्विनच्या हवेत गेले. भट्टीची एन्ट्रॉपी १ ने कमी, हवेची ३.३३ ने जास्त, तयार झाली २.३३ किलोज्यूल प्रति केल्विन. याला हवेच्या ३०० केल्विनने गुणा, ७०० किलोज्यूल. आता मधे कार्नो इंजिन बसवलं असतं तर किती काम मिळालं असतं ते काढा, तेही ७००! तयार झालेली एन्ट्रॉपी गुणिले भोवतालचं तापमान म्हणजे हातातून गेलेलं काम, याला गुई-स्टोडोला थिअरम म्हणतात आणि ते कुठल्याही मशीनला लागू पडतं.

हे वीज केंद्राला लावलं की उत्तर उलटंच येतं. सगळे कंडेन्सरला दोष देतात कारण तिथे १८७३ किलोज्यूल जातात. पण ती हीट आहे ४६ डिग्रीला, बाहेर ३० डिग्री धरली तर त्यातून जास्तीत जास्त ९४ किलोज्यूल काम निघालं असतं, अगदी फुकट गेलं असं म्हणण्यासारखं त्यात फार काही नाहीच. खरं नुकसान बॉयलरमध्ये. कोळशाच्या हीटिंग व्हॅल्यूएवढीच साधारण त्याची काम करायची क्षमता असते, पण ज्वाळेचं तापमान हजार डिग्रीच्या वर आणि ती हीट जाते सरासरी २७९ डिग्रीच्या पाण्याला, आणि ३२४३ किलोज्यूल घेतलेल्या वाफेत कामाची क्षमता येते जेमतेम १४६३. बॉयलरच्या नेमप्लेटवर एफिशियन्सी ८५ टक्क्यांच्या वर असते आणि ती खरी असते, पण ती पहिल्या नियमाची. म्हणून तर गॅसवरची कंबाइंड सायकल पुढे जाते, उरणला तसं आहे, आधी जास्त तापमानाला गॅस टर्बाइन काम करतं आणि त्याच्या गरम एक्झॉस्टवर वाफ करून दुसरं टर्बाइन चालवतात, मधला तापमानाचा मोठा उतार वाया जात नाही. आताच्या चांगल्या कंबाइंड सायकल प्लांटची एफिशियन्सी ६० टक्क्यांच्या वर जाते.

अ‍ॅडियाबॅटिक आणि आयसेंट्रॉपिक एकच का?

नाही. अ‍ॅडियाबॅटिक म्हणजे हीट आली गेली नाही. आयसेंट्रॉपिक म्हणजे एन्ट्रॉपी बदलली नाही. अ‍ॅडियाबॅटिक अधिक रिव्हर्सिबल असेल तरच आयसेंट्रॉपिक. वरच्या टर्बाइनची आयसेंट्रॉपिक एफिशियन्सी ८८ टक्के धरा, तर १३८५ ऐवजी १२१९ किलोज्यूल मिळतील, राहिलेले १६६ घर्षणाने वाफेतच राहिले, बाहेर कुठे गेले नाहीत. हीट शून्य, तरी एन्ट्रॉपी ६.५२ वरून ७.०४ झाली. एसीच्या कॅपिलरीमध्ये (गॅसचं प्रेशर उतरवणारी बारीक नळी) तर याहून टोकाचं, काम शून्य, हीट जवळजवळ शून्य, एन्थाल्पी तेवढीच, आणि एन्ट्रॉपी वाढते.

फ्रीजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल का?

गरम होईल. आतून काढलेली उष्णता मागच्या जाळीतून त्याच खोलीत पडते, वर कॉम्प्रेसरची वीज.

एसीचा सीओपी (उचललेली उष्णता भागिले लागलेली वीज) ३.५, म्हणजे एफिशियन्सी ३५० टक्के? मग ऊर्जा कुठून आली?

एसी ऊर्जा तयार करत नाही, हलवतो. दीड टनाचा एसी खोलीतून ५.३ किलोवॅट उष्णता उचलतो, त्यासाठी १.५ किलोवॅट वीज घेतो आणि बाहेर ६.८ किलोवॅट टाकतो, हिशोब पूर्ण. उलट २ किलोवॅटचा गीझर २ किलोवॅट विजेची २ किलोवॅट हीट करतो, पहिल्या नियमाने शंभर टक्के आणि दुसऱ्या नियमाने फार वाईट सौदा, कारण वीज म्हणजे शुद्ध वर्क, ते आपण अंघोळीच्या ४५ डिग्रीच्या पाण्यात उतरवतोय. हीट पंपाने, म्हणजे बाहेरची उष्णता पाण्यात उचलून आणणाऱ्या एसीसारख्या यंत्राने, तेच पाणी तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत तापतं.

पाण्यावर चालणाऱ्या गाडीचे व्हिडिओ येतात, त्यात तथ्य आहे का?

नाही, आणि कृपया असल्या किटवर पैसे घालवू नका, घरच्यांनाही सांगा. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. एक मोल पाणी फोडायला कमीत कमी जेवढी ऊर्जा लागते, २८६ किलोज्यूल, तेवढीच तो हायड्रोजन परत जाळल्यावर मिळते, आणि ती सुद्धा हीट म्हणून, इंजिनमधून तिचा फार तर चाळीस टक्के भाग कामाला येणार. हे पहिल्या नियमाविरुद्धचं अविरत यंत्र.

समुद्रात केवढी ऊर्जा आहे, ती काढून जहाज का चालवत नाहीत?

हे दुसऱ्या नियमाविरुद्धचं. पहिला नियम परवानगी देतो, पण एकाच तापमानाच्या साठ्यातून हीट घेऊन सगळीचं काम करणारी सायकल होत नाही, केल्विन-प्लांक विधान नेमकं हेच आहे. दुसरं तापमान लागतंच. ते समुद्रातच मिळतं म्हणा, वर २८ डिग्री आणि हजार मीटर खाली साधारण ६ डिग्री, कार्नोने येतात फक्त ७ टक्के, प्रत्यक्षात त्याहून कमी. अशाच तापमानाच्या फरकाचा वेगळा उपयोग मात्र लक्षद्वीपला कवरत्तीमध्ये २००५ पासून होतो, वरचं कोमट पाणी कमी प्रेशरला उडवून खोल गार पाण्याने त्याची वाफ थंड करतात आणि गोडं पाणी मिळवतात.

कार्नो इंजिन कोणी बनवूच शकत नाही, मग शिकायचं कशाला?

मोजपट्टी म्हणून. खरंच रिव्हर्सिबल चालवायचं तर हीट जाताना तापमानाचा फरक शून्य पाहिजे, मग ती इतकी हळू जाईल की पॉवर शून्य. सादी कार्नोने १८२४ मध्ये वयाच्या २८ व्या वर्षी हे लिहिलं तेव्हा तो कॅलरिक द्रवच मानत होता, तरी त्याचा निष्कर्ष टिकला: इंजिनात वाफ वापरा की हवा, कमाल मर्यादा फक्त दोन तापमानांवर ठरते. १८३२ मध्ये तो कॉलऱ्याने गेला, ३६ वर्षांचा होता, आणि त्याच्या कामाची किंमत लोकांना नंतर कळली, क्लापेरॉनने १८३४ मध्ये ते आकृत्यांत मांडलं, केल्विनने १८४८ मध्ये त्यावरून निरपेक्ष तापमानाची पट्टी काढली. आणि हो, म्हणूनच भागाकाराच्या गणितात तापमान केल्विनमध्येच टाकायचं, डिग्री सेल्सिअस टाकलं की सगळं चुकणार.

विश्वाची एन्ट्रॉपी वाढतेय म्हणजे शेवट काय होणार?

हा कॉस्मॉलॉजीचा प्रश्न आहे, थर्मोच्या पेपरला येत नाही.

टी-एस डायग्राम का काढायला लावतात, पी-व्ही पुरत नाही का?

पी-व्ही (प्रेशर-व्हॉल्यूम) खालचं क्षेत्रफळ वर्क दाखवतं, टी-एस (तापमान-एन्ट्रॉपी) खालचं हीट (रिव्हर्सिबल प्रोसेस असेल तर). सायकल काढली की वरच्या रेषेखालची हीट आत आलेली, खालच्या रेषेखालची बाहेर गेलेली, मधलं बंद क्षेत्रफळ निव्वळ काम. रीहीट लावला तर कुठला तुकडा वाढला ते डोळ्यांनी दिसतं. टर्बाइनची रेषा सरळ खाली न येता उजवीकडे झुकली की समजायचं घर्षण आहे. मोलियर चार्टवर हेच एच आणि एस घेऊन करतात, तिथे काम पट्टीने मोजता येतं. स्टीम टेबल (वाफेच्या एन्थाल्पी, एन्ट्रॉपीचे तयार तक्ते) हातात घेऊन वरचं १५० बारचं उदाहरण एकदा स्वतः सोडवा, आकड्यात एक दोनचा फरक येईल तो चालतो.

उन्हाळ्यात वीज केंद्राची एफिशियन्सी कमी का होते?

विदर्भात पारा ४५ च्या पुढे गेला की कूलिंग टॉवरमधून येणारं पाणीच गरम येतं. मग कंडेन्सरमध्ये वाफ ४६ डिग्रीला न होता समजा ५४ डिग्रीला पाणी होते, तिथलं प्रेशर ०.१ वरून ०.१५ बार होतं, याला प्लांटवाले व्हॅक्यूम पडला म्हणतात. सरासरी वरचं तापमान ५५२ च धरलं तर १ वजा ३२७ भागिले ५५२, म्हणजे ४०.८ टक्के, आधी होते ४२.२. दीड टक्का ऐकायला काहीच नाही, पण तेवढीच वीज काढायला कोळसा ३ टक्क्यांहून जास्त लागतो आणि नेमकं त्याच दिवसांत सगळीकडे कूलर आणि एसी लागलेले असतात. शिफ्टमधला ऑपरेटर व्हॅक्यूमच्या गेजवर नजर ठेवून असतो ते याचसाठी, ट्यूब घाण झाल्या की तिथेच आधी दिसतं, आणि कंडेन्सरच्या ट्यूब साफ केल्या की कोळशाचा खप लगेच खाली येतो.